व्याह्यांनी घडवलेला क्रँक

आमचे शिरूरचे व्याही मारुतराव यांच्यासारखा रुसणारा माणूस मी अख्ख्या दौंड तालुक्यात पाहिला नाही. शिरूर तालुक्याचं मला विचारू नका, तिथं ते स्वतःच राहतात. लहान लेकरू रुसलं तर बिस्किटाच्या पुड्यावर हसतं. सून रुसली तर माहेरी जाऊन चार दिवसांनी गुमान येते. हा माणूस आमच्या सुलक्षणाच्या लग्नात रुसला, आणि आता सुलक्षणाची मुलगी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाते, तरी ह्यांचं तोंड फुगलेलं ते फुगलेलंच.

कारण ऐकाल तर हसाल. लग्नाच्या मांडवात माईकवर नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधतात. पुकारणारा आमच्याच भावकीतला, आवाज मोठा आणि अक्कल बेताची. तेवढ्यात साखर कारखान्याचे एक डायरेक्टर मोटारीतून उतरले आणि ह्याचा तोल गेला. आधी डायरेक्टरांचं नाव पुकारलं, मग त्यांच्यासोबतच्या माजी उपसभापतींचं, मग त्यांच्या ड्रायव्हरचं. ड्रायव्हरच्या डोक्याला गुलाबी फेटा चढला आणि नवऱ्या मुलाचा बाप उघड्या डोक्यानं बघत उभा. मी त्या पुकारणाऱ्याला मांडवामागं नेऊन असं काही सुनावलं की त्यानं पुन्हा कुणाच्या लग्नात माईकला हात लावला नाही. पण मारुतरावांना ते पुरलं नाही. तवापासून आमच्या खुटबावला त्यांचं पाऊल नाही. गावच्या यात्रेचं आवतण गेलं की एकच निरोप येतो, "कामात हाय."

काम असतं, हे मात्र खरं. शिरूरला नगर रस्त्याच्या कडेला त्यांचं मोठं पत्र्याचं शेड आहे. आत लेथ, ग्राइंडिंगची मशिनं, कामाला माणसं. ट्रॅक्टरचे, पंपाचे, गुऱ्हाळाच्या इंजिनाचे क्रँक घासून द्यायचे, आणि कुठंच मिळत नसेल तर सबंध नवा घडवून द्यायचा. त्यांच्यासारखा क्रँक घडवणारा आसपास दुसरा नाही, असं लोक म्हणतात. मारुतराव स्वतः तर ते रोजच म्हणतात.

आता क्रँक म्हणजे काय, तर मलाही आधी ठाऊक नव्हतं. माझ्या नातीनं, म्हणजे माझा मुलगा हौसराव याच्या अपेक्षानं, मला शिलाई मशीनवर समजावलं. "आज्जी, तुझा पाय खाली-वर होतो आन् चाक गोल फिरतं. मधी तो वाकडा दांडा असतो ना? इंजिनात तसाच असतो. पिस्टन खाली-वर, चाकं गोल." एवढं कळलं की पुरे. बाकी त्या दांड्याकडं बघितलं तर वाटतं, एखादा सरळ माणूस वाद घालून घालून असा वेडावाकडा झाला असावा.

अपेक्षानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, कुरकुंभला कंपनीत लागली, आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीची गाडी पळवते. मोकळ्या माळावर वळणं आखतात, धुरळा उडवत, घड्याळ लावून पळायचं. बरी पळवते. दोन कप मिळवलेत. ते टीव्हीशेजारी ठेवलेत, एकात माझ्या बीपीच्या गोळ्या असतात.

गेल्या उन्हाळ्यात भर शर्यतीत फाडकन आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. क्रँक मधोमध मोडला होता. गाडी दोरीनं ओढत आणली, ती आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये शिरली आणि तिथंच राहिली. बॉनेट एकीकडं, इंजिन दुसरीकडं, आणि हौसरावाचा नवा कोरा रोटाव्हेटर बाहेर उन्हात. पोरगी म्हणाली, आता इंजिन नव्यानं बांधायचंच आहे तर जरा जास्त ताकदीचं बांधू. तिनं कुठून कुठून नवे पिस्टन मागवले, नवे रॉड मागवले. राहिला क्रँक. तो नेहमीच्यापेक्षा जरा लांब हाताचा, म्हणजे जास्त वाक असलेला पाहिजे होता, आणि तसला बाजारात तयार मिळत नाही.

हौसराव माझाच मुलगा, पण बोलायला बापावर गेलाय, थोडकं आणि टोचणारं. तो म्हणाला, "गुढीपाडव्यानंतर शर्यत हाय ना? तवर गाडी सुरू झाली तर ठीक. न्हाई झाली तर चौफुल्याच्या भंगारवाल्याला देणार. मला शेड पाहिजे."

भंगारवाला येऊनही गेला. बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसं त्यानं गाडीचं दार वाजवून बघितलं. अपेक्षा दारात उभी होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग तिची शोधाशोध सुरू झाली. रांजणगावला एका कारखान्यात गेली. ते म्हणाले, "मॅडम, एक नग आम्ही करत नाही. हजार घेणार असाल तर बोला." मी म्हटलं, घेऊन ये, गोठ्याला कुंपण करू. परदेशातून मागवायचा तर तो ह्या पाडव्याला नाही, त्याच्या पुढच्या पाडव्याला पोचला असता. पुण्यातल्या एका माणसानं आज देतो, उद्या देतो करत दसरा घालवला. आणि जो तो शेवटी एकच सांगायचा, "अहो, शिरूरला मारुतराव हायत, त्यांच्याकडं का जात न्हाई?"

जायचं कसं? तरी पोरीनं धीर करून फोन लावला. मी शेजारीच शेंगा फोडत बसले होते.

"आबा, मी अपू बोलतीय. खुटबावची."

"कोण अपू?"

"सुलक्षणाआत्याची भाची, आबा. एक क्रँक घडवून पाहिजे होता."

"आमच्यासारख्याकडं कशाला? तुमच्याकडं डायरेक्टर येत्यात. त्यांना सांगा, कारखान्याच्या वर्कशॉपात घडवून देतील."

फोन बंद. पोरीचे डोळे भरले. माझ्या हातातली शेंग जरा जास्तच जोरात फुटली.

दुसऱ्या दिवशी मी गुळाच्या पोळ्या केल्या, घरचं तूप डब्यात भरलं, नवं लुगडं नेसले आणि अपेक्षाला म्हटलं, "पिकअप काढ. तो मोडका दांडा घे. शिरूरला जायचंय."

"आज्जी, तू त्यांना हात जोडणार?"

"हात जोडायला मी काय मतं मागायला निघालीय? लेकीला भेटायला चाललीय मी."

शर्यतीत वाऱ्यासारखी सुटणारी ही पोरगी मला घेऊन गाडी चालवते तेव्हा म्हशीसुद्धा ओव्हरटेक करतील. पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून शिरूरला पोचेपर्यंत ऊन चढलं.

शेडमध्ये मारुतराव लेथवर वाकले होते. आम्हाला पाहिलं आणि आणखी वाकले. मी खुर्ची ओढून बसले. मोडका क्रँक त्यांच्या टेबलावर ठेवायला लावला. सुलक्षणा घरातून धावत आली, पण मी तिला डोळ्यानंच गप्प केलं.

"व्याही," मी म्हटलं, "तुमच्याकडं काही काम न्हाई हां. पाटसला एक नवीन पोरगा आलाय, कंप्युटरच्या लेथवर करतो. तोच करणार हाय. लेकीकडं आलेच होते, म्हटलं जाता जाता तुम्हाला दाखवावं. जुनं माणूस."

पाटसला असा कुठलाही पोरगा नाही. पण "जुनं माणूस" लागलं बरोबर. त्यांनी मशीन थांबवलं, हात पुसले, चष्मा वर केला आणि मोडलेला तुकडा उजेडात धरला.

"हा मोडलेला न्हाई," ते क्रँकलाच म्हणाले, आमच्याशी बोलायचं नव्हतं ना. "हा मोडवलाय. हितं कोपऱ्याला गोलाई पाहिजे. काटकोन ठेवलाय कुठल्यातरी शहाण्यानं. हितूनच तडकणार."

"असं व्हय," मी म्हटलं. "सांगते पाटसच्या पोराला."

"त्याला काय सांगताय!" म्हणाले आणि ताडताड आत गेले. कोपऱ्यात एक गोणपाट होतं. ते बाजूला केलं आणि खालून काहीतरी दोन्ही हातांनी उचलून आणलं. बाळंतघरातून नर्स मूल आणते तसं आणलं, आणि टेबलावर ठेवलं. लखलखीत नवा क्रँक. आरशासारखा. माझं तोंड त्यात लांबट दिसत होतं.

"आये," सुलक्षणा हळूच म्हणाली, "गाडी मोडल्याचं माझ्याकडनं ऐकलं तवापासून मामंजी करत होते. कामगार गेले की एकटेच थांबायचे. मला म्हणाले, खुटबावला बोललीस तर बघ."

"ह्या मॉडेलचा जुना क्रँक मिळवला आन् मापाला माप केला," मारुतराव भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होते. "केसाचा फरक न्हाई. कुणीबी मोजावं."

अपेक्षानं व्हर्नियर काढलं. एकदा मोजलं. मग परत मोजलं. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं. तिचा चेहरा मी लहानपणापासून वाचते. दुधाला विरजण लागताना दिसत नाही, पण कळतं, तसं मला काहीतरी कळलं. पण ती हसली, वाकून मारुतरावांच्या पाया पडली आणि म्हणाली, "लई छान झालाय आबा."

मारुतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. ओळखायला कठीण, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं. पोळ्यांचा डबा ठेवून घेतला, पण मला "बसा" म्हणाले नाहीत. क्रँक तेलाच्या फडक्यात गुंडाळून दिला आणि परत लेथवर वाकले.

न्हावऱ्याच्या फाट्यावर आम्ही रस प्यायला थांबलो. पोरगी ग्लास हातात धरून नुसती बसली.

"काय झालंय?"

"काही न्हाई आज्जी."

"अपू, मी तुला अंघोळी घातल्यात. सांग."

मग सांगितलं. क्रँक उत्तम होता, पण जुन्या मापाचा होता. तिला लांब हाताचा पाहिजे होता आणि पिस्टन त्याच हिशोबानं आणले होते. ह्या क्रँकवर ते पिस्टन वरपर्यंत पोचणारच नव्हते. "फरक किती?" मी विचारलं. तिनं माझ्या हातातल्या पाटलीच्या कडेवर बोट ठेवलं. "एवढाच. पण गाडी नुसती खोकल. पळणार न्हाई."

"मग तिथं का न्हाई बोललीस?"

"कशी बोलू? न सांगता, न विचारता एवढा घडवला त्यांनी. आत्या मागून हात जोडत होती. आन् आबा किती वर्षांनी खूश झाले होते. राहू दे आज्जी. ह्या वर्षी न्हाई पळणार. पप्पा देऊ देत भंगारात."

मी रसाचा ग्लास खाली ठेवला. एक माणूस रुसून बसला म्हणून बोलत नाही, दुसरी त्यानं रुसू नये म्हणून बोलत नाही, आणि मधल्या मधे गाडी जाणार भंगारात. घरात मी असताना?

"गाडी फिरव," मी म्हटलं.

"आज्जी..."

"फिरव. आन् आता जरा शर्यतीतल्यासारखी चालव."

चालवली. देवाचं नाव घ्यायलाही फुरसत मिळाली नाही.

आम्हाला परत बघून मारुतराव बुचकळ्यात पडले. डबा रिकामा करून आणायला सुलक्षणाला हाक मारू लागले.

"डबा राहू द्या," मी म्हटलं. "व्याही, तुमचा क्रँक आमच्या पोरीला लागत न्हाई."

लेथ थांबला. कामगारांनीही आपापली मशिनं थांबवली. भांडण ऐकायला कुणाला आवडत नाही?

"काय खोट हाय त्याच्यात?"

"खोट अजिबात न्हाई. माप येगळं हाय. तिला लांब हाताचा पाहिजे."

"मग तवाच का न्हाई बोलली ती?"

"तुम्हाला भ्याली. म्हणाली, आता आणखी रुसले तर आत्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलणार न्हाईत."

"आज्जी!" अपेक्षानं माझा पदर ओढला.

मारुतराव खुर्चीवर बसले. चष्मा काढला. उतरलेल्या आवाजात म्हणाले, "मापाला माप केला होता मी."

"केला, पण कुणाच्या मापाला? जिची गाडी तिला विचारायचं ना."

"मी कसं विचारू? मला कुणी काम सांगितलं होतं?"

"पोरीनं फोन केला होता की."

"पोरीनं!" ते उसळले. "लेकरानं फोन करावा आन् म्या उडी मारून हो म्हणावं? खुटबावच्या घरात मोठं माणूस न्हाई का कुणी? मोठ्या माणसानं एक शब्द टाकला असता..."

आणि तिथंच जीभ चावली. बोलायचं नव्हतं ते बोलून गेले होते.

मग मला उमजलं. फेटा कवाच विरला होता. ह्या माणसाला फक्त एवढंच पाहिजे होतं, की आमच्या घरातल्या मोठ्या माणसानं एकदा तोंडानं सांगावं. आणि आमच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे मी. मी आजवर कुणाकडं काही मागितलं नाही. नळसुद्धा ग्रामपंचायतीनं स्वतः माझ्या दारात येऊन, पाहिजे का विचारून दिला. सकाळी इतका वेळ ह्याच शेडमध्ये बसले होते, पाटसचा खोटा पोरगा उभा केला, पण सरळ एक वाक्य बोलायला जीभ वळली नव्हती.

अपेक्षा माझ्याकडं बघत होती. भंगारवाल्यानं दार वाजवलं तेव्हा जशी उभी होती, तशीच उभी.

मी पदर सारखा केला आणि उठून उभी राहिले. "मारुतराव, मी पार्वती, खुटबावची, तुमची विहीण. मी तुम्हाला सांगते. आमच्या नातीसाठी एक क्रँक घडवून द्या. तुमच्याशिवाय कुणाला जमणार न्हाई."

मारुतरावांनी कानावरची पेन्सिल काढली. टेबलावरचा लोखंडाचा कीस हातानं झाडला.

"पोरी, हिकडं ये," ते म्हणाले. "हात किती वाढवायचाय? नीट सांग. आन् पिस्टन आणलेत ते दाखव मला, फोटोत न्हाई, खरे." मग सुलक्षणाकडं वळून, जसं काही मी आत्ताच त्यांच्या नजरेस पडले, "अगं, विहीणबाईंना च्या दे की. कवाच्या बसल्यात."

त्यानंतर जे सुरू झालं ते मला रुसव्यापेक्षा जड गेलं. इतकी वर्षं न बोललेला माणूस उठल्या-बसल्या फोन करू लागला. सकाळी अपेक्षा कंपनीच्या बसमध्ये असताना, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी भाकरी थापताना. "पोरी, तेलाचं भोक कुठल्या अंगाला?" "पोरी, कोपऱ्याची गोलाई मी वाढवतोय, रॉडला घासत न्हाई ना, बघ." "पोरी, भट्टीत कडक करायला पाठवलाय, उगाच घाई करू नको म्हणावं तुझ्या बापाला." ती फोनवर नसेल तर मला विचारायचे. मी काय सांगणार? मी सांगायचे, "व्हय, बरोबर हाय." एकदा तर त्यांनी मला वजन बरोबर साधायचं म्हणजे काय ते सबंध समजावलं. फिरताना एका बाजूला कणभर जड असला की इंजिन थरथरतं म्हणे. मी म्हटलं, तुमच्या स्वभावासारखं. हसले चक्क.

पहिला क्रँक त्यांनी परत ठेवून घेतला आणि शेडमध्ये दर्शनी टांगलाय. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगतात, "नमुना हाय." कशाचा, ते सांगत नाहीत.

पाडवा झाला. हौसरावानं भंगारवाल्याला शर्यतीच्या आदल्या दिवशी यायला सांगूनच ठेवलं होतं. नवा क्रँक मात्र भट्टीतून येऊन, घासून तयार व्हायला उशीर लागला. आमच्या पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग एका सकाळी दारात शिरूरची गाडी थांबली. जावई विक्रमराव चालवत होते आणि शेजारी मारुतराव. फडक्यात गुंडाळलेला क्रँक मांडीवर. "मागं ठेवला तर आदळंल," म्हणाले. सबंध रस्ता मांडीवर घेऊन आले होते.

हौसराव पुढं झाला, पायावर पाणी घालायला तांब्या आणला. पण मारुतराव सरळ शेडमध्ये. बाह्या वर, चष्मा कपाळावर. तो सबंध दिवस आणि दुसरा दिवस ते आणि अपेक्षा इंजिनात डोकं घालून होते. मी दोन वेळा ताटं नेली, दोन्ही वेळा गार झालेली परत आणली. मधूनच हमरीतुमरी ऐकू यायची. "आबा, एवढं नका आवळू, मीटर लावून आवळायचं असतं!" "मीटर माझ्या मनगटात हाय!" "मनगट बाजूला घ्या, मीटर लावते." आणि मग मीटरचा कट्ट आवाज. म्हणजे पोरगी आता बोलायला शिकली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. हौसरावानं त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला. आम्ही सगळे शेडच्या दाराशी. अपेक्षा गाडीत बसली. चावी फिरवली. इंजिनानं घुर्रघुर्र केलं आणि गप्प. परत फिरवली. परत गप्प. भंगारवाल्यानं कप खाली ठेवला. मारुतराव वाकले, कसलीशी वायर चेपली, आणि मान हलवली.

तिसऱ्यांदा इंजिन एकदम धडधडून उठलं. पत्रे हलले, कोंबड्या पळाल्या, माझ्या कानातली कुडी थरथरली. मारुतरावांनी इंजिनावर हात ठेवला, आईनं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. "थरथर न्हाई," म्हणाले. "एकदम सरळ."

हौसराव ओट्यावरून म्हणाला, "बरं. शेडचं मग बघू." त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ. भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढून मारुतरावांचा तेलकट हात धरला, आणि तो माणूस, माझे व्याही, तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले. चष्मा आणखीनच तेलकट झाला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मारुतराव," मी म्हटलं, "आता माझं ऐका. माणूस तुम्ही वाईट न्हाई, आन् कामाला तर तुमचा हात कुणी धरणार न्हाई. पण एक सवाल विचारायला तोंड उघडलं असतं तर एकाच क्रँकमधी भागलं असतं. दोन घडवावे लागले, ही तुमच्या रुसव्याची शिक्षा, आन् ती मी न्हाई दिली, तुमची तुम्हीच घेतलीत. इथून पुढं आमच्यावर राग आला तर शिरूरला बसून फुगायचं न्हाई. गाडीत बसायचं, खुटबावला यायचं, माझ्यासमोर बसून पोटभर भांडायचं, आन् जेवून जायचं."